पंधरा ग्रॅमची पुडी

परवा फोनवर तुझा आवाज पार पडलेला होता. "काका, जेवणानंतरची तीनशे ऐंशी निघाली," म्हणालास. मग पंधरा मिनिटं काय काय सोडलंस त्याची यादी वाचलीस. भात सोडला, साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, पहाटे उठून पाच किलोमीटर चालायला लागलास. मी हूं हूं करत ऐकत होतो, पण कौतुकापेक्षा मला काळजीच जास्त वाटत होती. गोळी सुरू झाली, खाणं अर्ध्यावर आलं आणि चालणं दुप्पट झालं, हे तिन्ही एकाच आठवड्यात. आणि साखर खाली आली तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर तुझ्या तोंडून आलं नाही.

वाढलेल्या साखरेबद्दल आता तुला सगळं गाव शिकवेल. शेजारचे कारल्याचा रस घेऊन येतील, मेहुणा जांभळाच्या बियांची पूड पाठवेल. उतरलेल्या साखरेबद्दल मी सांगतो. चाळीस वर्षं कराडात मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहिलो आणि त्यातली निम्मी स्वतः याच दुखण्याचं गिऱ्हाईक होतो. गोळी किती घ्यायची ते मी सांगणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांचं काम. मी सांगणार आहे ते खिशाचं, डब्याचं आणि घरातल्या माणसांचं.

आधी माझी फजिती ऐक

२००६ सालची गोष्ट. दिवाळीआधीचा शनिवार, दुकानात ही गर्दी. सकाळी आठला साखरेची गोळी घेतली, वर चहा आणि दोन बिस्किटं. मालाचा टेम्पो आला, खोकी उतरवली, बिलं ताडली. अडीच वाजले तरी डबा पिशवीतच. एक बाई लेकराच्या खोकल्याची चिठ्ठी घेऊन उभी होती. मी चिठ्ठी वाचली, परत वाचली, तिसऱ्यांदा वाचली. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि माझी बंडी पाठीला चिकटली होती. बाईने शंभराची नोट दिली, मी तिला त्याहून जास्त सुटे परत करायला लागलो. ती म्हणाली, "अहो, चुकतंय." मी तिच्यावर खेकसलो. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही, तो त्या दिवशी चढवला.

दुकानात तीन महिन्यांपूर्वी लागलेलं एक पोरगं होतं. त्याच्या आजीला शुगर होती. त्याने काही विचारलं नाही. माझ्या पाठीमागच्या फळीवरचा ग्लुकोजचा डबा काढला, फोडला, स्टीलच्या पेल्यात पाण्यात ढवळला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी म्हणालो, "मला काहीही झालेलं नाही." तो म्हणाला, "नसू दे. प्या."

दहा-बारा मिनिटांनी मी माणसात आलो. मागे वळून पाहिलं. फळीवर ग्लुकोजचे अकरा डबे रांगेत उभे होते. मी हात मागे केला असता तरी मिळाला असता असा डबा, आणि मला तो सुचला नाही. त्या बाईच्या लेकराच्या हातात त्या दिवशी मी कुठली बाटली दिली असती, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

माझा पहिला आणि खरं तर एकच कानमंत्र त्यातून आला. साखर उतरली की अक्कलच जाते. म्हणून काय करायचं ते अक्कल ठिकाणावर असताना ठरवून ठेवायचं आणि खिशात घालून फिरायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीची फोड आहे.

असं होतं तरी का

तुझ्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती चहाच्या एका चमच्याएवढी, चार-पाच ग्रॅम. मेंदूला मात्र दिवसाकाठी एकशे वीस ग्रॅमच्या आसपास लागते आणि त्याच्याकडे कोठार असं नाहीच. यकृत थोडी थोडी सोडतं, रक्त पोचवतं, मेंदू खातो. रोजंदारीवरचं घर म्हण. एक दिवस मजुरी चुकली की चूल पेटत नाही.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शरीर बोंब मारतं. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, ओठांभोवती मुंग्या येतात, पोटात खड्डा पडल्यासारखी कळवळून भूक लागते. ही पहिली हाक. ५४ च्या खाली गेली की मेंदूच उपाशी पडू लागतो. मग चिडचिड, जीभ जड, डोळ्यांपुढे धूसर, साधी बेरीज जमत नाही, आणि माणूस ठासून सांगतो की मला काही झालेलं नाही. त्याही खाली शुद्ध हरपते, कधी झटके येतात. म्हणून पहिल्या हाकेलाच ओ द्यायची.

दोन गोष्टींनी ही हाक दबते. तुझ्या बीपीच्या गोळीचं नाव 'लॉल'ने संपत असेल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, तर धडधड आणि थरथर कमी जाणवते. घाम तेवढा फुटतो, तेव्हा विनाकारण आलेल्या घामाकडे लक्ष ठेव. आणि साखर वरचेवर उतरत राहिली की शरीर बोंब मारायचंच सोडतं. रोज चोरी होऊ लागली की रखवालदारही झोपून राहतो, तसं. काही आठवडे साखर खाली जाऊ दिली नाही, तर तो रखवालदार पुन्हा जागा होऊ शकतो.

तुझ्या चिठ्ठीतली तीन नावं

तू मोबाइलवर पाठवलेली चिठ्ठी मी भिंग लावून वाचली. एकाच गोळीत तीन औषधं आहेत: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज.

मेटफॉर्मिन गरीब. एकटं असेल तर साखर सहसा खाली ढकलत नाही. तुझ्या मित्राला नुसतं तेच आहे, म्हणून तो म्हणतो, "मला तर कधी असं होत नाही." त्याचं ऐकू नकोस.

ग्लिमेपिराइडवर लक्ष ठेवायचं. ते स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढतं, आणि तू जेवलास का हे ती गोळी विचारत नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही तिचीच भावंडं. हिचा अंमल दिवसभर राहतो. म्हणून या गोळीने साखर उतरली आणि गोड खाऊन वर आली, तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. दुपारी सावरलास म्हणून रात्री निर्धास्त झोपू नकोस. वयस्क माणूस असेल, मूत्रपिंड दमलेलं असेल, तर हा फेरा दुसऱ्या दिवसापर्यंतही चालतो, आणि तेव्हा दवाखान्यात ठेवूनच घ्यावं लागतं.

तिसरं व्होग्लिबोज. याची गंमत भल्याभल्यांना ठाऊक नसते. ते आतड्यात पिष्ट आणि साखर फोडण्याचं काम मंद करतं. आपली डब्यातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. ती फुटल्याशिवाय रक्तात शिरत नाही, आणि नेमकी ती फोडणारी कात्रीच हे औषध बोथट करतं. म्हणजे तुझी साखर उतरली आणि कुणी प्रेमाने साखरपाणी, गूळ, लिमलेटची गोळी, उसाचा रस दिला, तर तो पोटात जाईल खरा, पण रक्तात पोचायला वेळ लावेल. तुला लागतं ते सुटं ग्लुकोज. मेडिकलमध्ये मिळणारी साधी ग्लुकोज पावडर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या. संत्र्याच्या, आंब्याच्या चवीची पावडर घेऊ नकोस, तिच्यात साधी साखर मिसळलेली असू शकते. डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाच. अकार्बोज घेणाऱ्यांनाही हेच लागू. ग्लुकोज नसेलच तर मध बरा, त्यात सुटं ग्लुकोज असतं. तेही नसेल तर जे गोड हाताशी येईल ते घे आणि सोबतच माणूस बोलाव.

ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज नाही, त्यांना घरातली साखर चालते: चहाचे तीन भरलेले चमचे, पाण्यात विरघळवून.

पुडी

आता मुद्द्याचं. मात्रा पंधरा ग्रॅम. पूर्वी कंपाउंडर पुड्या बांधायचे, तशा मी अजून बांधतो. दुकानातला छोटा ताजवा घरी आणलाय, त्यावर ग्लुकोज तोलतो. घरी ताजवा नसेल तर चहाचे तीन शिगोशीग चमचे. कागदाला दमट हवा लागून खडा होतो, म्हणून प्लॅस्टिकची छोटी दाबबंद पिशवी वापर. एक शर्टाच्या खिशात, एक बाइकच्या डिकीत, एक ऑफिसच्या खणात, एक उशाशी. पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवू नकोस. थरथरत्या हाताने तिथून काही निघत नाही. पाण्यात घालून पी. पाणी नसेल तर चिमटी-चिमटीने जिभेवर टाक. दर पाडव्याला आणि दसऱ्याला पुड्या बदल.

लोक काय देतात आणि ते का चालत नाही, तेही ऐक. पेढा, बर्फी, चॉकलेट, आइस्क्रीम यांतल्या तुपा-दुधाच्या स्निग्धतेने साखर पोटातच रेंगाळते. तुपातला लाडू तर सगळ्यात सावकाश. चहा गरम असतो, बशीत ओतून फुंकत बसावं लागतं, आणि बऱ्याच घरांत आता शुगरवाल्याचा चहा बिनसाखरेचाच करतात. डाएट कोला आणि गोडव्याच्या गोळ्या यांत साखरच नसते, त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि एक चूक फार जण करतात: इलेक्ट्रॉल. "अशक्तपणा आलाय, इलेक्ट्रॉल द्या." एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे पेलाभर पाण्यात तीन ग्रॅमही नाही. तुझी एक पुडी भरायची तर लिटरपेक्षा जास्त प्यावं लागेल. ते जुलाबासाठी आहे, यासाठी नाही.

पंधरा मिनिटं

पुडी घेतलीस की घड्याळ बघ आणि पंधरा मिनिटं बसून राहा. या खेळातला सगळ्यात अवघड डाव हाच. कारण शरीर म्हणतं, खा, खा, मिळेल ते खा. मी एकदा उभ्याउभ्या अर्धा डबा चिवडा, दोन केळी आणि आदल्या दिवशीच्या बासुंदीची वाटी संपवली. संध्याकाळी साखर तीनशेवर. मग तिला घाबरून रात्री जेवलो नाही, आणि पहाटे पुन्हा खाली. झोपाळा झाला नुसता.

तेव्हा पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटं, मग मशीनवर बोट. अजून ७० च्या खाली असेल तर आणखी एक पुडी, पुन्हा पंधरा मिनिटं. दुसऱ्या पुडीनेही वर येत नसेल तर एकटा राहू नकोस, दवाखाना गाठ. वर आली आणि जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल, तर पोळी-भाजी, दूध-पोळी, मूठभर फुटाणे असं काही टिकाऊ खा. ग्लुकोज भडकन पेटून विझतं, मागे सरपण लागतं.

मशीनबद्दल दोन गोष्टी. हात साबणाने धुऊन पुसल्याशिवाय बोट टोचू नकोस. हापूस कापून तसंच टोचलंस तर फळाचा रस साखर चढलेली दाखवेल आणि खरी उतरलेली लपून जाईल. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेव आणि उन्हातल्या डिकीत टाकू नकोस. आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. ६६ आणि ७३ यांत फार फरक मानू नकोस, त्रास होत असेल तर पुडी घे. मशीन जवळ नसेल तर त्याची वाट बघत बसायचं नाही. आधी पुडी, मग शोधाशोध.

खोटी उतरण

पहिल्या महिन्यात तुला एक चकवा लागेल. हातपाय थरथरतील, घाम येईल, आणि मशीन दाखवेल ११५. घाबरू नकोस आणि मशीनला नावंही ठेवू नकोस. तुझं शरीर कित्येक महिने तीनशेच्या वर राहायला सरावलंय. त्याला सव्वाशे म्हणजे दुष्काळ वाटतो. भर उन्हातून घरात आलं की दोन मिनिटं अंधारच दिसतो ना, तसं. आकडा ७० च्या बराच वर असेल तर गोडाला हात लावू नकोस. जेवणाची वेळ असेल तर जेव, नसेल तर थोडं काही खा, बस, तासाभराने पुन्हा बघ. काही आठवड्यांत शरीर नव्या आकड्याला सरावतं. आकडा बघितल्याशिवाय खरी आणि खोटी ओळखता येत नाही. म्हणून सुरुवातीचे दिवस मशीनची कंजुषी नको.

नव्याचे नऊ दिवस

तुझा उत्साह मला समजतो, पण सगळं एकदम करू नकोस. जेवण कमी करणार असशील तर डॉक्टरांना आधी सांग, म्हणजे ते गोळी त्या मानाने बघतील. ग्लिमेपिराइड जेवणाच्या बोलीवर घ्यायची. ताट समोर येण्याची खात्री नसेल तर ती तोंडात टाकायची नाही, आणि अशा वेळी काय करायचं ते पुढच्या भेटीत स्पष्ट विचारून घे. पहाटेची फेरी उपाशी पोटी नको. स्नायू चालता चालता साखर ओढतात आणि नंतरही कित्येक तास ओढत राहतात. संध्याकाळी क्रिकेट खेळलास, पालखीबरोबर दिवसभर चाललास, तर फटका मध्यरात्री बसू शकतो. वाईट स्वप्न पडून जाग येणं, उशी ओली असणं, सकाळी डोकं ठणकणं, या रात्री उतरलेल्या साखरेच्या खुणा असू शकतात. असं वाटलं तर एक-दोन रात्री पहाटे तीनचा गजर लावून बोट टोच.

कारल्याचा रस पी, मेथ्या चाव, पण डॉक्टरांना सांगून. आणि नाव-गाव-पत्ता नसलेल्या चूर्णाच्या वाटेला जाऊ नकोस. अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळीच कुटून मिसळलेली सापडली आहे. तू एक गोळी घेतोस असं समजतोस, पोटात दोन जातात.

संकष्टी, पार्टी आणि तापाचे दिवस

आपल्या घरात संकष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण हिशेब कर. सकाळी आठला ग्लिमेपिराइड आणि चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराला. मधले तेरा तास गोळी काम करतेय आणि पोटात काही नाही. गणपती बुद्धीची देवता आहे, तो रागावणार नाही. उपास धरायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोल. आणि साबुदाण्याच्या खिचडीवर भिस्त ठेवू नकोस. एकादशी अन् दुप्पट खाशी केलंस तर आधी चढेल, मग उरलेला दिवस काढायचा आहेच.

दारूचं बोलतो, रागावू नकोस. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं. उपाशी पोटी प्यायलं की साखर रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही पडते. आणि वाईट असं की तोंडाला वास येत असताना तू बडबडलास, तोल गेला, तर लोक म्हणतील "चढलीय याला" आणि पांघरूण घालून निघून जातील.

उलट्या-जुलाब झाले, ताप आला, अन्न जाईना, तर गोळी नेहमीसारखी घेत राहू नकोस आणि मनाने बंदही करू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळं औषध लिहिलं तरी साखरेच्या गोळीचं नाव त्यांना सांग. काही अँटिबायोटिक्स या गोळीबरोबर साखर पाडतात.

फिरती आणि बाइक

तुझी नोकरी फिरतीची. बाइकला किल्ली लावण्याआधी बोट टोच. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. वाटेत शंका आली तर "पुढच्या गावात थांबू" म्हणायचं नाही. कडेला घे, गाडी बंद कर, किल्ली काढून खिशात टाक, पुडी घे. आकडा ठीक झाला तरी पुढे पाऊण तास बसून राहा. साखर आधी वर येते, डोकं मागून येतं. साहेब ओरडला तर ओरडू दे.

पाकिटात एक चिठ्ठी ठेव, मोठ्या अक्षरात: "मला मधुमेह आहे. मी गोंधळलेला दिसलो तर शर्टाच्या खिशातली पुडी पाण्यातून द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा." खाली सूनबाईचा नंबर.

घरच्यांशी करार

सूनबाईला आणि पोरांना हे सगळं वाचून दाखव. तुझी काकू आणि मी एक करार केलाय. ती "पुडी" म्हणाली की मी वाद घालायचा नाही. तिचं चुकलं असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज फुकट गेलं, एवढंच. तिचं बरोबर असेल तर माझा जीव वाचला. पंधरा वर्षांत तिने तो शब्द बावीस वेळा उच्चारला असेल, आणि त्यातल्या सोळा वेळा मशीनने तिच्या बाजूने कौल दिला. बाकी वेळा मी खरोखरच चिडलो होतो.

पोरांना एवढंच शिकव: बाबा गिळू शकत असतील तर पुडी. गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, झटके येत असतील, तर तोंडात पाणी नाही, साखर नाही, काही नाही, ते श्वासनळीत जातं. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. कुशीवर वळवायचं, १०८ लावायचा, आणि "शुगरचा पेशंट आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. शिरेतून ग्लुकोज गेलं की माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो.

पुढेमागे इन्सुलिन लागलं तर

लागलं तर ती शिक्षा समजू नकोस. पण साखर उतरण्याचं भय इन्सुलिनइतकंच जुनं आहे. टोरांटोत १९२१-२२ च्या हिवाळ्यात ते शुद्ध करताना सशांना टोचलं, तर ससे झटके येऊन पडले, आणि ग्लुकोज दिल्यावर उठून बसले. तिथपासून पुडी इन्सुलिनच्या सोबत आहे.

काउंटरवर मी सर्वांत जास्त जपायचो तो टोपीचा रंग. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक ४० च्या मिळतात आणि पेन, पेनची काडतुसं बहुतेक १०० ची. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. एकदा एक आजोबा पेन मोडलं म्हणून काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढायला निघाले होते. दहाच्या खुणेपर्यंत ओढलं असतं तर पंचवीस युनिट गेली असती. अडीच पट. मी सिरिंज हातातून काढून घेतली तेव्हा ते माझ्यावर रागावले. कुपी, सिरिंज, टोपी, तिन्ही जुळल्याशिवाय टोचायचं नाही.

वही

शाळेची दोनशे पानी वही घे. साखर उतरली की तारीख, वेळ, आकडा, आणि त्याआधी काय झालं ते लिही: "जेवण दोन तास उशिरा", "चार मजले चढलो", "अर्धीच पोळी". डॉक्टरांकडे जाताना वही ने. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी छान आली म्हणून फुगू नकोस. एकदा ५० आणि एकदा २५० असली तरी सरासरी दीडशेच येते. साखर वरचेवर उतरते याचा अर्थ पथ्य झकास चाललंय असा नाही. बहुतेक वेळा गोळी कमी करायची वेळ आलेली असते, आणि ते वहीशिवाय डॉक्टरांना कळणार कसं?

येत्या रविवारी तू येतोयस. वीस पुड्या बांधून ठेवल्यात. काकूने तुझ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची उसळ ठरवलीय, वेळेवर साडेबाराला.

दुकानातल्या त्या पोराचं आता स्वतःचं मेडिकल आहे. मी कधी तिकडून गेलो तर तो "कसे आहात" विचारत नाही. गिऱ्हाईक करता करता मान वर करून माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघतो. मी पुडीचं टोक बाहेर काढून दाखवतो. तो मान हलवतो आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. रविवारी दारात मीही आधी तुझ्या खिशाकडेच बघणार आहे.